बेवारस ताऱ्यांचा उजेड

अनघा माझ्यापेक्षा हुशार आहे हे मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी तिच्या डब्यातली अळूवडी खात होते. म्हणजे अळूवडीसुद्धा तिच्याकडचीच चांगली.

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "पुष्पाताई, आयुष्यभर आकाशाकडे डोळे लावून बसलात, त्यातल्या गमतीजमती लिहा." मी त्यांना सांगितलं, मी आकाशाकडे नाही, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे डोळे लावून बसले. दुर्बिणी कुठे कुठे परदेशातल्या डोंगरांवर असतात, नाहीतर थेट अवकाशात. त्यांनी काढलेली चित्रं आमच्याकडे येतात आणि आम्ही मुंबईतल्या एका संस्थेत, एसीच्या गारठ्यात खांद्यावर शाल घेऊन, भर दिवसा ती साफ करत बसतो. लोकांना वाटतं खगोलशास्त्रज्ञ रात्रभर जागतो. मी आयुष्यात जेवढी जागले ती मुलीच्या दहावीला. आणि गमतीजमती म्हणाल, तर माझ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त पुरला तो मत्सर. संपादक म्हणाले, "चालेल. दिवाळीत त्याच्यावर सहसा कुणी लिहीत नाही."

मी कल्याणची, कोळसेवाडीची. बाबा कारखान्यात फिटर. रविवारी विहारातून आले की आम्हा भावंडांना समोर बसवून पाढे म्हणून घ्यायचे. आमच्या चाळीत वर बघायचं कारण एकच, पत्रा गळतोय का ते पाहणं. मला गणित यायचं, म्हणून मी शिकत गेले, आणि गणित जिथे घेऊन गेलं तिथे आकाश होतं. अनघा ठाण्याची, नौपाड्यातली. वडील डॉक्टर, घरात इंग्रजी पुस्तकांची कपाटं, गच्चीवर लहानशी दुर्बीण. संस्थेत आम्ही एकाच वर्षी लागलो, एकाच खोलीत बसलो. पहिल्याच आठवड्यात सरांनी, म्हणजे आमच्या गटप्रमुखांनी, फळ्यावर एक प्रश्न लिहिला. मी तो सोडवायला घेतला. पानभर आकडेमोड झाली आणि उत्तर जवळ आलं, तोवर अनघा डबा उघडता उघडता म्हणाली, "अगं, हे शून्यच येणार ना? दोन्ही बाजू सारख्याच आहेत." आणि माझ्या पुढ्यात अळूवडी ठेवली. उत्तर शून्यच आलं.

ती दुष्ट असती तर किती सोपं झालं असतं. ती कधीच कुणाशी वाईट वागली नाही. माझ्या बाळंतपणात माझं निम्मं काम तिने केलं आणि बोलून दाखवलं नाही. त्याचाही मला राग आला, कारण तिने ते चांगलं केलं होतं.

आता आमचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आपली आकाशगंगा म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एक बेट. अशी बेटं, ज्यांना आम्ही दीर्घिका म्हणतो, शेकड्यांनी एकत्र राहतात. त्याला दीर्घिकासमूह म्हणायचं. हा समूह नुसता जवळजवळ आहे असं नाही, गुरुत्वाकर्षणाने बांधलेला आहे. पण त्यातल्या सगळ्या ताऱ्यांचं, सगळ्या वायूचं वजन केलं तरी ते इतकं कमी भरतं, की या वजनाने हा समूह एकत्र राहूच शकत नाही. दीर्घिका इतक्या वेगाने फिरत असतात की त्या केव्हाच उधळून जायला हव्यात. म्हणजे तिथे आणखी काहीतरी आहे. ते उजेड देत नाही, उजेड अडवत नाही, फक्त ओढतं. त्याला इंग्रजीत डार्क मॅटर म्हणतात, आपण कृष्णद्रव्य म्हणू.

दिसत नाही त्याचा नकाशा कसा काढायचा? हा माझा धंदा. काचेच्या जाड पेल्याच्या बुडातून पेपर वाचून बघा, अक्षरं वाकतात. समूहाच्या वजनाने त्याच्या मागून येणारा प्रकाश तसाच वाकतो. मागे फार लांबवर असलेल्या दीर्घिका आपल्याला किंचित ताणलेल्या दिसतात. एकीवरून काही कळत नाही, पण हजारोंचे आकार मोजून सरासरी काढली की पेल्याची काच कुठे जाड, कुठे पातळ, हे काढता येतं. कामाला चिकाटी लागते. हवा चित्र हलवते, दुर्बीण स्वतः चित्र वाकवते, ते सगळं आधी काढून टाकावं लागतं. माझ्याकडे चिकाटी होती. अनघाकडे कल्पना असायच्या. चिकाटीबद्दल लोक आदराने बोलतात, पण पार्टीत घोळका जमतो तो कल्पनावाल्याभोवती.

शेजाऱ्यांना यातलं काही कळत नसे, त्यांचं बरोबरच होतं. वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसली तेव्हा सेक्रेटरी काका घरी आले. "मॅडम, लिफ्टच्या पूजेला जरा चांगला मुहूर्त काढून द्या ना, तुमचं सगळं ताऱ्यांचंच आहे." मी म्हटलं, काका, मी ते नाही करत. ते जरा नाराज झाले. जिन्यावरून जाताना बायकोला म्हणाले ते मला ऐकू आलं, "नौपाड्यातली ती दुसरी मॅडम आहे ना, पेपरात येते ती, तिला विचारू." दुसरी मॅडम म्हणजे अनघाच.

तर एक समूह होता. त्याला नाव नाही, यादीतला एक क्रमांक आहे, पण मी त्याला मनात 'माझा समूह' म्हणायचे. कारण त्याच्या कृष्णद्रव्याचा नकाशा मी काढला होता. वर्षं घातली होती त्यात. परदेशातले लोक तो नकाशा वापरायचे. नकाशात मधोमध एक मोठा ढीग होता, पूर्व-पश्चिम थोडा लांबट, बाकी सगळीकडे शांतता. मी तो नकाशा चहा पिताना बघायचे, जशी माणसं आपलं घर रस्त्याच्या पलीकडून बघतात.

एक दिवस अनघा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. "पुष्पा, तुझ्या समूहावर मी एक करून बघू का? तुझा नकाशा आहे म्हणून, ताडून बघायला बरं पडेल."

"काय करणार आहेस?"

"समूहात दीर्घिका एकमेकींजवळून जाताना त्यांचे तारे ओरबाडले जातात ना, ते कुणाचेच राहत नाहीत, मधल्या मोकळ्या जागेत भटकत राहतात. बेवारस तारे. त्यांचा एक मंद उजेड असतो. काही लोकांनी दाखवलंय की तो उजेड कृष्णद्रव्याच्या आकाराने पसरतो. म्हणजे उजेडाचं नुसतं चित्र नीट काढलं तर अंधाराचा नकाशा मिळेल. हजारो आकार मोजायला नकोत."

हजारो आकार मोजायला नकोत. हे ती माझ्या तोंडावर सहज बोलली आणि तिच्या लक्षातही आलं नाही.

"कर की," मी म्हणाले.

हे कसं होतं ते मी व्याख्यानात असं सांगायचे. नवरात्रात टेंभी नाक्यावर तुफान गर्दी आहे आणि वीज गेली. तुम्ही एका उंच इमारतीच्या गच्चीवर उभे आहात. गर्दी दिसत नाही. पण गर्दीतल्या काही जणांनी मोबाइलचे टॉर्च लावलेत. टॉर्चवाले स्वतःच्या मर्जीने चालत नाहीत, गर्दी नेईल तिकडे जातात. तर वरून ते ठिपके बघून तुम्ही गर्दी कुठे दाट आहे आणि कुठल्या गल्लीत घुसली आहे हे सांगू शकता. बेवारस तारे म्हणजे ते टॉर्च. समूहात तापलेला वायूही असतो, पण वायू वायूवर आदळतो, अडतो, मागे राहतो, त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. तारे एकमेकांवर आदळत नाहीत, कृष्णद्रव्यही आदळत नाही, दोघं एकाच ओढीने फिरतात. ही टॉर्चची उपमा माझी आहे. आता ती अनघाच्या नावावर खपते.

अडचण अशी की हा उजेड फारच मंद असतो. काळ्याकुट्ट रात्रीच्या आकाशालाही स्वतःची एक चमक असते, आणि हा उजेड तिच्याही कितीतरी खाली. आमची सगळी सॉफ्टवेअर आकाशाची चमक पुसून टाकायला लिहिलेली, त्या पुसण्यात हा उजेडही जातो. मी इतकी वर्षं माझ्या समूहाची चित्रं साफ करत होते, तेव्हा मीही तो पुसतच होते. सगळेच पुसायचे. पण अनघाने पुसायचं फडकं बदललं.

काही महिन्यांनी तिने बैठकीच्या खोलीत चित्र लावलं. समूहाच्या मधोमध, दीर्घिकांच्या मधून, दुधात हळद पडावी तसा एक पिवळसर उजेड पसरला होता. पूर्व-पश्चिम लांबट, अगदी माझ्या नकाशासारखा. आणि मग खाली, एका कडेला, तो एकदम फुगला होता. एक वेगळा पुंजका. माझ्या नकाशात तिथे काहीही नव्हतं.

सर चष्मा पुसत म्हणाले, "छान. म्हणजे दोघींपैकी एकीचं चुकलंय. शोधा."

खाली उतरताना दोन पोरं जिन्यात बोलत होती, "क्या इमेज आहे यार." मी घरी आले. दिलीप, माझा नवरा, कल्याणच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. तो माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचा. म्हणाला, "आज अनघाने काय केलं?"

"चुकीचं केलंय," मी म्हणाले.

"म्हणजे बरोबर असणार."

त्या प्रश्नावर बरंच अडकलं होतं. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागायचा अर्ज जायचा होता, असे आणखी बरेच समूह बघायला. पुंजका खरा असेल तर अनघाची रीत सिद्ध होणार, गटाला वेळ मिळणार, आणि माझा नकाशा अपुरा ठरणार. पुंजका खोटा असेल तर माझा नकाशा टिकणार आणि तिची कल्पना पडणार. मला काय हवं होतं हे मी लपवत नाही.

त्या रविवारी सकाळी अनघा आमच्या घरी आली. आधी कळवलं नव्हतं. दिलीप स्वयंपाकघरात पोहे करत होता. तिने पर्समधून हार्ड डिस्क काढली आणि टेबलावर ठेवली.

"पुष्पा, सगळी मूळ चित्रं आहेत यात. तू तपास."

"मी? अगं, तुझ्याकडे विद्यार्थी आहेत की."

"ते मला येऊन सांगतात, मॅडम सुंदर आहे. सर म्हणतात, सुंदर. मला सुंदर नकोय."

"मग मीच का?"

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "कारण ते खोटं निघालं तर तुला आनंद होईल. इतकं मन लावून माझी चूक दुसरं कोण शोधेल?"

कढईतला उलथन्याचा आवाज थांबला. दिलीपने वळून बघितलं नाही. नाही म्हणणं खोटं झालं असतं आणि हो म्हणायला जीभ वळेना.

"चहात साखर किती?" मी विचारलं.

"एक," ती म्हणाली. मग पोहे खाल्ले, खोबरं जास्त घाल म्हणून दिलीपला सांगितलं आणि गेली.

वीस वर्षं जे मी पोटात लपवून ठेवलं होतं ते तिला पहिल्यापासून माहीत होतं. आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट ते कामाला कसं लावायचं हे तिने शोधून काढलं होतं. ती कल्पनाही तिचीच.

मी तपासायला बसले. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं नेटाने काम केलं नसेल. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार, आज तिला पकडते.

पहिला संशय मला कॅमेऱ्याचा होता. तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीच्या आतल्या काचांवर आपटून परत फिरतो आणि चित्रात भलतीकडेच एक फिकट डाग उमटतो. त्याला आम्ही भूत म्हणतो. भूत ओळखायची खूण सोपी आहे. दुर्बीण थोडी सरकवून पुन्हा चित्र काढलं की खऱ्या गोष्टी आकाशात जागच्या जागी राहतात आणि भूत सरकतं. अनघाच्या चित्रांत दुर्बीण पुरेशी सरकवलेली होती. मी एकेक चित्र वेगळं काढून पाहिलं. पुंजका जागचा हलला नाही. भूत नव्हतं.

मग मी एका ताऱ्याकडे वळले. पुंजक्याच्या जवळच, म्हणजे आपल्याला दिसायला जवळ, आपल्याच आकाशगंगेतला एक ठळक तारा आहे. ताऱ्याचं चित्र ठिपक्यासारखं असलं तरी त्याचं एक फिकट वलय लांबपर्यंत पसरलेलं असतं, धुक्यात रस्त्याच्या दिव्याभोवती असतं तसं. अनघाने ते वलय वजा केलं होतं, पण ढोबळपणे. मी ते नीट मोजायला घेतलं. दुसऱ्या चित्रांतले तसेच तारे शोधून त्यांची वलयं एकावर एक रचली, दूर दूरपर्यंत वलय कसं विरत जातं ते काढलं. या एका कामात आठवडे गेले. मग ते वलय तिच्या चित्रातून वजा केलं, आणि पुंजक्याची बाहेरची कड विरघळून गेली!

त्या दिवशी मी घरी जाताना टेंभी नाक्यावर उतरून दोन वडापाव खाल्ले. एकटीने. चटणी जास्त मागून.

दुसऱ्या दिवशी मी तिला चित्र दाखवलं. तिने ते नीट निरखलं आणि म्हणाली, "बरं झालं सापडलं. मला शंका होतीच." तिथल्या तिथे तिने आपलं चित्र बदललं, आकडे बदलले, आणि माझ्या वलयाच्या पद्धतीचं मनापासून कौतुक केलं. "असं कुणीच केलेलं नाही, पुष्पा." मला ती जरा तरी खट्टू व्हायला हवी होती. वडापाव वाया गेले.

पण पुंजक्याचा गाभा राहिलाच होता. आता मी माझा हुकमाचा पत्ता काढला. धूळ.

आपल्या आकाशगंगेत धुळीचे अतिशय विरळ ढग आहेत. ताऱ्यांचा प्रकाश त्यांच्यावर पडतो आणि ते मंद चकाकतात. लांबच्या समूहाचं चित्र काढताना असा ढग मध्ये आला तर तो समूहातलाच उजेड वाटतो. भले भले फसले आहेत. मला खात्री होती, अनघाचा पुंजका म्हणजे आपल्या दारातली धूळ. धूळ पकडायच्या दोन खुणा आहेत. एक, ती किंचित गरम असते, म्हणून उष्णतेची किरणं टिपणाऱ्या दुर्बिणींच्या नकाशांत ती दिसते. दुसरी, तिचा उजेड निळसर असतो, उलट बेवारस ताऱ्यांचा उजेड पिवळा-तांबूस, कारण ते तारे म्हातारे.

मी उष्णतेचा नकाशा उघडला. धूळ होती! मी अनघाचं चित्र त्यावर ठेवलं, दिशा जुळवल्या. धूळ समूहाच्या वरच्या अंगाला होती. पुंजका खालच्या अंगाला. पुंजक्याच्या जागी नकाशा स्वच्छ कोरा. मी दिशा पुन्हा तपासल्या, मनातून त्या उलट्या निघाव्यात म्हणून. नाही निघाल्या. रंग पाहिला. पिवळा-तांबूस. म्हातारे तारे.

आता तिच्याकडे शोधायला काही उरलं नाही. मग नाइलाजाने मी माझ्या नकाशाकडे वळले. पुंजका खरा आहे, तर मला तिथे वजन का दिसलं नाही?

कारण तोच तारा. त्याच्या वलयात मागच्या दीर्घिकांचे आकार बिघडतात, म्हणून माझा नकाशा करताना मी ताऱ्याभोवतीचा मोठा गोल सोडून दिला होता. तसं लेखात स्पष्ट लिहिलंही होतं, सगळे तसंच करतात. नकाशात ती रिकामी जागा आजूबाजूच्या सरासरीने भरली जाते आणि गुळगुळीत दिसते. बघणारा विसरतो की तिथे कुणी पाहिलेलंच नाही. काढणारीही विसरते. पण आता माझ्याकडे वलय वजा करायची रीत होती. अनघाची चूक शोधायला बनवलेली. मी ती माझ्याच जुन्या चित्रांवर चालवली. वलय गेलं, आणि त्याच्याखाली दबलेल्या लहान लहान दीर्घिका वर आल्या. त्यांचे आकार मोजले. नवा नकाशा काढायला टाकला आणि चहा आणायला गेले. परत आले तर पडद्यावर मधला ढीग होता, आणि खाली, कडेला, जिथे इतकी वर्षं शांतता होती, तिथे दुसरा ढीग उभा होता.

एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या आणि दोन्ही पूर्ण वाटत होत्या. माझ्या समूहात एक आख्खी नवी गोष्ट मला सापडली होती, माझ्या हाताने. आणि ती तिच्या बोटाने दाखवलेल्या जागी सापडली होती.

कॅन्टीनमध्ये मी लॅपटॉप अनघासमोर ठेवला. तिचा उजेड आणि माझा अंधार, एकावर एक. कडा कडांवर बसत होत्या. मग तिने चमचा खाली ठेवला.

"पुष्पा, आता मला झोप लागेल गं."

"तुला झोप लागत नव्हती?"

"तू वलय काढलंस तेव्हापासून नाही."

ती शांत झोपत असेल याचाही मी हेवा केला होता.

लेख लिहिला. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. तिने मला विचारलं होतं, "पहिलं नाव तुझं घालू का? तुझ्या तपासणीशिवाय हे कुणी मान्य केलं नसतं." मी म्हटलं, "नको, कल्पना तुझी आहे." ती "बरं" म्हणाली आणि तसंच केलं. मी पंधरा दिवस चिडले होते. न्याय झाला होता याचाच राग आला होता. अन्याय झाला असता तर निदान कुणाला सांगता तरी आलं असतं.

छापण्याआधी लेख तपासणाऱ्या परीक्षकांनी नेहमीचे प्रश्न विचारले: भूत नाही ना, वलय नाही ना, धूळ नाही ना. प्रत्येकाचं उत्तर तयार होतं, कारण प्रत्येक प्रश्न मी त्यांच्या आधी, त्यांच्यापेक्षा जास्त खुनशीपणे विचारला होता. लेखाला कुठेही ओरखडा उठला नाही. दुर्बिणीवर वेळ मिळाला. पेपरात बातमी आली, ठाण्याच्या शास्त्रज्ञ महिलेने अंधाराचा नकाशा काढला, सोबत अनघाचा हसरा फोटो. कल्याणहून माझ्या भावाचा फोन, "ताई, तुझं नाव कुठंय? मी दोनदा वाचली." मी म्हटलं, "'आणि सहकारी' लिहिलंय ना शेवटी, ती मी."

डोंबिवलीत तिचं जाहीर व्याख्यान ठेवलं. ओळख करून द्यायला मला बोलावलं. मी चांगली ओळख करून दिली, दोष काढायला जागा ठेवली नाही. व्याख्यानही उत्तम झालं. शेवटी दुसऱ्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले.

"मॅडम, दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि तरी आहे म्हणता. उद्या मी म्हणेन माझ्या हॉलमध्ये हत्ती आहे, फक्त दिसत नाही. मानाल?"

हॉल हसला. अनघा सूत्रांकडे वळली, कक्षा, वेग, वगैरे. आजोबा उभेच. मला राहवेना. मी माइक ओढला. "काका, हत्ती दिसला नाही तरी चालेल. पण तुमच्या हॉलची फरशी खचली, सोफा त्या खड्ड्याकडे घसरला, आणि खालच्या मजल्यावरचे भांडायला वर आले, तर मी हत्ती मानेन. आमच्याकडे फरशी खचली आहे, एवढंच आम्ही म्हणतोय."

टाळ्या पडल्या. आजोबाही हसत खाली बसले. माझ्या आयुष्यातल्या त्या सगळ्यात मोठ्या टाळ्या. दोन दिवसांनी स्थानिक पेपरात वृत्तांत आला. हत्तीचं उत्तर छापलं होतं, शब्दन् शब्द. अनघाच्या तोंडी.

मी तो पेपर तिला दाखवला. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "मी त्यांना पत्र लिहू का, दुरुस्ती छापा म्हणून?" "राहू दे," मी म्हटलं. तिने तरी लिहिलं. त्यांनी छापलं नाही.

त्यानंतर काही वर्षांत आम्ही दोघी पाठोपाठ निवृत्त झालो. मी घरून थोडं थोडं काम करत राहिले. अनघा मात्र दापोलीजवळ वडिलांच्या आंब्याच्या बागेत राहायला गेली. निरोपाच्या दिवशी म्हणाली, "खूप झालं. आता झाडांना पाणी घालणार." मला वाटलं, आता मोकळी झाले. रोज सकाळी जगभरच्या नव्या लेखांची यादी येते, ती मी पहिल्यांदा तिचं नाव शोधायला चाळायचे, वर्षानुवर्षं. आता तिचं नाव नसायचं. पहिले काही महिने हायसं वाटलं. मग कुणाचाही लेख वाचला तरी 'असेल बुवा' वाटायला लागलं. कुणाची चूक शोधावीशी वाटेना. माझीसुद्धा. एकदा एका परदेशी गटाने मला त्यांचा नकाशा तपासायला पाठवला. मी तपासला, ठीक आहे म्हणून कळवलं. दिलीप म्हणाला, "एवढ्यात झालं?" तो पुढे काही म्हणाला नाही, पण मला ते लागलं.

या पावसाळ्याच्या सुमारास नव्या अवकाश दुर्बिणीची चित्रं सगळ्यांसाठी खुली झाली. त्यात माझा समूह होता. मध्ये हवा नाही, रात्रीची चमक नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी नाश्ता झाल्यावर मी चित्र उतरवून घेतलं आणि उघडलं. आम्ही ज्यासाठी इतकी वर्षं डोळे फोडले ते सगळं तिथे साधं, उघड्यावर पडलं होतं. मधला उजेड, खालचा पुंजका. आणि मी चित्र आणखी ताणलं, तर पुंजक्यातून एक बारीक धागा निघून बाहेर, पार शेजारच्या लहान समूहाकडे गेलेला. उजेडाचा धागा, आणि जिथे उजेड, तिथे अंधार. म्हणजे दोन समूहांना जोडणारी कृष्णद्रव्याची वाटच दिसत होती. हा कुणी पाहिला नसणार. चित्र खुलं होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता.

मी फोन उचलला. दापोलीला रेंज धड नसते. तिसऱ्या खेपेला लागला. मागे कुणीतरी झाडावर काहीतरी तोडत होतं.

"अनघा, आपला समूह आलाय. नवीन चित्रात."

"हो गं, तो धागा ना?" ती म्हणाली. "परवा पाहिला मी. तुला फोन करणारच होते, पण म्हटलं आधी रुंदी नीट मोजावी."

"परवा?"

"हो, पाऊस होता, बागेत जाता येईना. म्हटलं बघू तरी. काय सुंदर आहे ना?"

आणखी काय बोललो ते मला आठवत नाही. फोन ठेवला तेव्हा इतक्या दिवसांनी तो मत्सर परत आला होता, चांगला तेज. दिलीप पेपरातून वर बघत होता.

"काय झालं?"

"तिने आधीच पाहिलंय."

"मग?"

"मग काय," मी लॅपटॉप पुढे ओढला आणि उष्णतेचे नकाशे शोधायला घेतले. "धूळ असणार ती."